चार आण्यांची कोंबडी

नवग्रहांची नऊ देवळं एका दिवसात उरकायची असतील, तर लोक मुक्काम कुंभकोणमला करतात. सूर्यनारकोइल, तिंगळूर, कंजनूर, आलंगुडी, तिरुनल्लार, यादी नऊची आहे आणि सगळी ठिकाणं साठ-सत्तर किलोमीटरांच्या आत कावेरीच्या खोऱ्यात विखुरलेली आहेत. पहाटे लॉजच्या दारातून निघालेली भाड्याची गाडी रात्री तिथंच आणून सोडते. यात्रेकरूंचं भागतं. प्रश्न असतो तो गावात राहणाऱ्यांचा. स्कूटरवर दोघंच बसतात, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस दिवसदिवस थांबत नाही. अशा वेळी घरात कुणीतरी म्हणतं, आता एक लहानशी गाडी घ्यावी.

या प्रकरणासाठी मी असं एक घर मनाशी धरलं आहे. घर कल्पनेतलं, पण अशी घरं इथं आहेत. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावर मुलखात येऊन राहिलेल्या मराठी मंडळींपैकी हे कुटुंब. राज्य 1855 मध्ये खालसा झालं, माणसं राहिली. घरात मराठी, तीही तमिळ वळणाची, उंबऱ्याबाहेर तमिळ. नवरा शिक्षक, बायको दवाखान्यात हिशेब बघते, दोन मुलं, आणि नवऱ्याचे आईवडील. बँकेत दीड लाख शिल्लक. महिन्याला फार तर बारा हजार गाडीसाठी निघतील. याच गावात 1828 साली सर टी. माधवराव जन्मले. त्यांनी दिवाण म्हणून आधी त्रावणकोरचा विस्कटलेला खजिना सावरून कर्ज फेडलं आणि पुढं इंदूर नि बडोद्याचाही कारभार पाहिला. त्यांच्या गावात गाडीचा हिशेब चुकू नये, एवढी तरी लाज राखायला हवी.

पहिली गाडी घेताना हिशेब चुकतो तो बहुतेक एकाच जागी. माणसं गाडीची किंमत बघतात, गाडी महिन्याला किती खाते ते बघत नाहीत. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण जणू चारचाकीसाठीच केलेली आहे. (सोवळ्यातल्या कुंभकोणमात कोंबडीचा दाखला दिल्याबद्दल क्षमा असावी.)

सगळ्यात स्वस्त गाडीची गोष्ट आपल्याकडे एकदा पुरती घडून गेली आहे. टाटांची नॅनो 2008 च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि 2009 च्या मार्चमध्ये मुंबईत बाजारात दाखल झाली. पुण्याच्या अभियंत्यांचा तीत मोठा हात होता. 624 सीसीचं दोन सिलिंडरांचं इंजिन मागे, मूळ किंमत एक लाख. दोन लाखांवर लोकांनी पैसे भरून नंबर लावले होते. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढील अशा बेताने उभारला होता. पण सगळ्यात चांगल्या वर्षीसुद्धा पाऊण लाखाच्या वर विक्री गेली नाही, आणि 2018 मध्ये उत्पादन थांबल्यात जमा झालं. गाडी वाईट नव्हती. पण सुरुवातीच्या नॅनोची डिकी बाहेरून उघडत नसे. सामान ठेवायचं तर मागची सीट पाडावी लागे. आणि स्कूटरवरून चारचाकीवर येणाऱ्या माणसाला ‘देशातली सर्वांत स्वस्त गाडी’ दारात उभी करायची नव्हती. त्याला ‘गाडी’ दारात उभी करायची होती. तेवढ्याच सुमाराच्या पैशांत पाच वर्षांची जुनी मारुती किंवा सँट्रो मिळत होती, आणि अनेकांनी तीच घेतली. तो निर्णय मला अजूनही शहाणपणाचा वाटतो.

तेव्हा किमतीआधी गरज बघू, आणि गरजेत आधी बस. कुंभकोणम हे सरकारी एसटीच्या एका विभागाचं मुख्यालय आहे, त्यामुळे इथं बस कमी नाहीत. 2021 पासून तमिळनाडूत साध्या टाऊन बसमधून बायकांना तिकीट नाही. म्हणजे आपल्या कुटुंबातल्या बाईंचं रोजचं जाणं-येणं फुकट होतं आणि शिक्षकांची शाळा स्कूटरच्या टप्प्यात आहे. गाडी लागणार ती दवाखान्यासाठी, रविवारच्या देवळासाठी, चाळीस किलोमीटरवरच्या तंजावरला लग्नमुंजीसाठी, आणि पावसासाठी. महिन्याला पाचशे किलोमीटर झाले तरी खूप. हा पाचशेचा आकडा नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. शोरूममधला मुलगा तुम्हाला हा आकडा कधीच विचारत नाही.

आता नवी गाडी. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. त्याआधी उपकर धरून पेट्रोल गाडीवर 29 टक्के जात होते. त्या दिवसांत अल्टो के10 ची शोरूम किंमत पावणेचार लाखांच्या आत आणि एस-प्रेसोची साडेतीन लाखांच्या आसपास सुरू होत होती. मात्र जाहिरातीतली गाडी ही सगळ्यात खालची आवृत्ती असते. प्रत्यक्षात माणूस मधली घेतो. ती साडेचार लाखांची धरू. तमिळनाडूत पाच लाखांपर्यंतच्या गाडीला आजीवन कर 12 टक्के, म्हणजे 54 हजार. (महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 11 टक्के.) विम्याचा तिसऱ्या पक्षाचा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 2018 पासून नव्या गाडीला एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, हजार सीसीच्या आत तो 6,521 रुपये, हजार ते दीड हजार सीसीला 10,640. लहान गाड्यांची 998 सीसीची इंजिनं या रेषेच्या किंचित अलीकडे बसतात ती अशी. स्वतःच्या गाडीचा विमा, नंबरप्लेट, फास्टॅग हे सगळं धरून गाडी रस्त्यावर यायला पाच लाख तीस हजार लागले असं समजू.

दीड लाखांतले एक लाख तीस हजार भरले, चार लाखांचं कर्ज काढलं. 9 टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता 8,303 रुपये. बँकेतला माणूस लगेच म्हणेल, ‘सात वर्षं करा, हप्ता 6,436 वर येतो.’ येतो खरा, पण व्याज 98 हजारांवरून 1 लाख 40 हजारांवर जातं. त्या वाढीव बेचाळीस हजारांत चारही टायर दोनदा बदलून होतील. गाडीचं कर्ज पाच वर्षांत फिटत नसेल तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची, असं मी सरळ मानतो.

हप्ता 8,300. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं आणि गाडीने अठराचा ॲव्हरेज दिला, तर पाचशे किलोमीटरला 2,800. विमा महिन्याला 1,200 पडतो, सर्व्हिसिंग 600, टायरची झीज पावणेदोनशे. बेरीज तेरा हजारांच्या वर गेली, आणि एका किलोमीटरला 26 रुपये पडले. तुमच्या गावात भाड्याची गाडी किलोमीटरला काय घेते ते विचारून या आकड्याशी ताडून बघा. बऱ्याच घरांना तिथंच उत्तर मिळतं आणि पुढचं वाचायची गरज उरत नाही.

‘ॲव्हरेज किती देते?’ हा आपला राष्ट्रीय प्रश्न. पत्रकावर अल्टो के10 पुढे 24.39 लिहिलेलं असतं आणि मी वर अठरा धरले, ते का? पत्रकावरचा आकडा लोक ‘एआरएआयचा’ म्हणतात. ही संस्था आपल्या पुण्यातली, 1966 सालची, पौड रस्त्यालगतच्या वेताळ टेकडीवर. या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. खोलीत फिरत्या रोलरवर चाकं ठेवून, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वीसेक मिनिटं चालवतात; वेग ताशी नव्वदच्या वर जात नाही, एसी बंद असतो. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला हा आकडा चोख आहे, घरखर्चाला मात्र नाही. कुंभकोणमच्या उन्हात एसी बंद ठेवून कोण चालवतं? महामहम तळ्याच्या आसपास बाजाराच्या दिवशी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही. म्हणून पत्रकातला आकडा घ्यावा आणि त्यातला चौथा हिस्सा उडवावा. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी. तीही थोडी घट धरा.

सीएनजीचं आकर्षण मोठं आहे. तेव्हा त्याचंही गणित मांडू. कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली लहान गाडी पेट्रोलपेक्षा सुमारे नव्वद हजारांनी महाग पडते. किलोमीटरला दोन रुपये वाचतात असं धरलं, तर नव्वद हजार वसूल व्हायला पंचेचाळीस हजार किलोमीटर चालवावी लागेल. महिन्याला पाचशेच्या चालीने साडेसात वर्षं! तोवर डिकीत टाकी बसलेली, दर तीन वर्षांनी तिची तपासणी आणि पंपावरची रांग. दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर करणाऱ्याने सीएनजी जरूर घ्यावी. आपल्या शिक्षकांनी नको. डिझेलचा विचारही नको. एप्रिल 2020 मध्ये धुराचे बीएस-6 नियम आले आणि लहान डिझेल गाड्या जवळजवळ बाजारातूनच गेल्या. विजेची गाडी उत्तम, पण जुन्या देवळाभोवतीच्या गल्लीतल्या घराला स्वतःची जागा नसेल तर वायर कुठून कुठं नेणार?

गल्लीवरून आठवलं. गावातले जुने रस्ते देवाच्या रथासाठी आखलेले, त्यांची रुंदी ठीक आहे. पण त्यांना फुटणाऱ्या बोळांत दोन्हीकडे स्कूटर लावलेल्या असतात. अल्टोची रुंदी 1,490 मिलिमीटर, वॅगन आरची 1,620. हे तेरा सेंटिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, बोळात शिरल्यावर वाटतात. उलट सासूबाईंचे गुडघे म्हणतात, वॅगन आर घ्या. तिची सीट उंच आहे, बसताना खाली वाकावं लागत नाही. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांना शोरूममध्ये नेऊन दहा वेळा उठबस करायला लावावी. हे कुणी करत नाही. सगळे स्टिअरिंगमागे बसून फोटो काढतात.

आणि डिकीवाल्या लहान गाड्यांचं शेपूट छाटल्यासारखं का दिसतं, हे विचारणाऱ्यांसाठी एक गंमत. 2006 च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी लहान गाडीवरचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्के केलं आणि लहान म्हणजे काय तर चार मीटरच्या आत, अशी रेष मारली. कंपन्यांनी गाड्या त्या रेषेत बसवल्या. नवी डिझायर 2012 मध्ये आली ती मागून कापूनच. आजच्या जीएसटीतही ती रेष तशीच आहे.

तेरा हजार झेपत नाहीत म्हणजे उरते सेकंडहँड. इथं मात्र सावकाश चालायचं.

पहिल्यांदा वर्ष ठरवा, मग गाडी. एप्रिल 2019 पासून सगळ्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले आणि जुलै 2019 पासून चालकापुढची एअरबॅग, सीटबेल्टची घंटा, मागचे सेन्सर. शेजारच्या माणसाची एअरबॅग सगळ्या गाड्यांत यायला 2021 संपत आलं. एप्रिल 2020 पासून बीएस-6. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या. म्हणून जुलै 2019 च्या आधीची गाडी कितीही चकचकीत असली तरी पहिली गाडी म्हणून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. जमलं तर 2022 ची बघावी. 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने आपल्या पाच लहान गाड्या भिंतीवर आदळून दाखवल्या होत्या आणि पाचही शून्य ताऱ्यांवर आल्या होत्या. तेव्हाच्या गाडीत आणि आताच्या गाडीत हा फरक आहे. 2020 मध्ये टियागोला चार तारे मिळाले. 2023 मध्ये अल्टो के10 ला दोन, वॅगन आरला एक. ॲव्हरेज विचारणाऱ्या दहाजणांत एकाने तरी हेही विचारावं.

मग नंबरप्लेट. टीएन-68 म्हणजे कुंभकोणम, टीएन-49 तंजावर. या गाड्या खुशाल बघा. जुना मालक शोधून काढता येतो आणि त्याचा मेस्त्रीही. पीवाय-02 दिसली तर थांबा. तो कारैकालचा नंबर, म्हणजे पुदुच्चेरीचा. तिरुनल्लारच्या शनीला जाताना राज्याची हद्द ओलांडतो ती हीच. तिकडे कर कमी असल्याने गाडी स्वस्त दिसते. पण ती कायमची तमिळनाडूत आणली की इथला कर भरून पुन्हा नोंदणी आलीच. आणि चेन्नईच्या गाडीबद्दल सावध. 2015 च्या डिसेंबरात आणि पुन्हा 2023 च्या डिसेंबरात चेन्नईत गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. पुसून-सुकवून त्यांतल्या बऱ्याच बाजारात आल्या.

बुडालेली गाडी ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी अडेपर्यंत. वरचा पट्टा धुतलेला असतो, आतला शेवटचा हात-दीड हात कुणी धुत नाही. पाणी जिथवर चढलं तिथे मळकट रेघ दिसते. पायपुसणी उचलून खालचा गालिचा दाबा, बोटांचा वास घ्या. सीटच्या बोल्टवर गंज आहे का बघा. सीटचे बोल्ट एरवी गंजत नाहीत. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात हात फिरवा, गाळाचा कण लागतो का. वासाची अगरबत्तीछाप कुपी गाडीत जास्तच दरवळत असेल तर काचा लावून पाच मिनिटं आत बसा.

किलोमीटरचा आकडा तर हल्ली लॅपटॉप लावून मागे नेतात. पुण्यात घेतलेली माझी पहिली गाडी 38 हजार चाललेली होती, मीटरप्रमाणे. क्लचच्या पेडलवरचं रबर मात्र कोरं होतं, आणि ते बघून मला आनंदच झाला! अडतीस हजार चाललेल्या गाडीचं रबर कोरं नसतं. ते बदललेलं असतं, आणि बदलावं लागतं म्हणजे मूळचं झिजून गेलेलं असतं, एवढं कळायला मला चार महिने आणि एक क्लचप्लेट लागली. तेव्हापासून मी मीटर बघत नाही. पेडल, स्टिअरिंगची कातडी, गिअरची मूठ आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद बघतो. नोंदीत दर सर्व्हिसिंगला किलोमीटर लिहिलेले असतात.

कागदांचं काम सोपं झालं आहे. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकला की मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा कधी संपतो, सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे विम्याचा हप्ता त्याने सांगितला त्याहून जास्त येईल.

घेण्याचा काळही बघायचा. तमिळ आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, इथं शुभ खरेदी करत नाहीत. आपल्या पितृपक्षासारखंच. म्हणून दुकानांवर ‘आडी सवलती’चे फलक लागतात, आणि गाडीवाल्यांनाही भाव खाली आणावा लागतो. मार्गळी महिन्याचंही तेच, आणि तो डिसेंबर-जानेवारीत येतो, वर्षअखेरीची सवलत चालू असते तेव्हा. डिसेंबरची गाडी पंधरा दिवसांत कागदावर एक वर्षाने म्हातारी होते, म्हणून लोक टाळतात. दोन वर्षांत विकणार असाल तर टाळा. दहा वर्षं वापरणार असाल तर त्या म्हातारपणाशी तुम्हाला काय करायचं आहे? घरातली वडीलधारी मंडळी काय म्हणतील ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

तर आपल्या शिक्षकांच्या घरी शेवटी काय ठरावं? 2021-22 ची, पहिल्या मालकाची, पेट्रोलवरची, हाताने गिअर टाकायची वॅगन आर किंवा टियागो, तीन लाखांच्या आसपास. एक लाख तीस हजार रोख, एक लाख सत्तर हजारांचं कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त, 13 टक्के धरलं तरी तीन वर्षांचा हप्ता 5,730. पेट्रोल तेवढंच, विमा थोडा कमी, दुरुस्तीला महिन्याला दीड हजार बाजूला. बेरीज अकरा हजार, आणि तीन वर्षांनी हप्ता संपतो. उरलेल्या वीस हजारांना हात लावायचा नाही. जुनी गाडी पहिल्या सहा महिन्यांत काही ना काही मागतेच. जुन्याची भीतीच वाटत असेल, तर आणखी दीड वर्ष स्कूटर चालवून महिन्याला बारा हजार साठवा आणि नवी अल्टो कमी कर्जावर घ्या. या दोन्ही वाटा मला मान्य आहेत. सात वर्षांच्या हप्त्यावर नवी मोठी गाडी मात्र मान्य नाही.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा, की आम्ही येण्याआधी इंजिन चालू करू नका. थंड इंजिनच खरं बोलतं: पहिल्या सेल्फला खडखड होते का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे सगळं पहिल्या मिनिटात कळतं. पोचल्याबरोबर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर चहा घेऊन निघा आणि उद्या येतो म्हणून सांगा.